समोर येऊन बोल

३ फेब्रुवारी, मंगळवार

मंजूर झालं! वहिनीच्या मनासारखं झालं एकदाचं. बाईसाहेब कोर्टात येणारच नाहीत. तिच्या मावशीच्या गावातल्या कोर्टात एका खोलीत पंख्याखाली बसणार आणि आमच्या इथल्या कोर्टात भिंतीवरच्या टीव्हीत दिसणार. बातम्या वाचणारी बाई दिसते तशी! व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. का, तर म्हणे दादासमोर उभं राहायची तिला भीती वाटते.

भीती! लग्न होऊन आली तेव्हा बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला सवड द्यायची नाही. नंतर नंतर गप्प असायची, ती गोष्ट वेगळी. मनात काय शिजतंय ते तेव्हा कुणाला कळलं?

जिन्यावरून पडली. पाय घसरला, पडली. घरोघरी बायका पडतात. हात मोडला, डावा कान गेला, वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. दवाखान्यात तिच्या उशाशी मीच बसले होते. पण तिथून उठली ती थेट मावशीकडे, आणि मावशीकडून पोलिसात — नवऱ्याने शटरच्या सळईने कानावर मारलं आणि जिन्यावरून ढकललं! खुनाचा प्रयत्न! दादा आत जाऊन आला. आता जामिनावर आहे, पण मान खाली. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, डबा घेतं आणि जाताना वळून बघतं.

माझं म्हणणं एकच. खरं असेल ना, तर समोर येऊन बोल. आईच्या डोळ्यांत बघून बोल. माझ्या डोळ्यांत बघून बोल. टीव्हीत बसून काय, कुणीही काहीही बोलेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून लवकर सुटले (मालकांना दातदुखीचं कारण सांगितलं) आणि दादाबरोबर आमच्या वकिलांकडे गेले. वकील जरा जास्तच गोड बोलतात. "ताई, तुम्ही आपल्या बाजूच्या सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदार. घरात त्या वेळी तुम्हीच होतात."

होतेच. स्वयंपाकघरात होते. धप्प आवाज आला म्हणून धावले, तर वहिनी जिन्याखाली आणि दादा तिच्याजवळ वाकलेला. दादाचं दुकान खालीच आहे. तो दुकानातून धावत आला.

"आला हे पाहिलंत?"

"तिथे होता म्हणजे आलाच ना."

"मग पाहिलंत असंच म्हणायचं. होता म्हणजे पाहिलंच." आणि हसले.

मग खरी गंमत. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, बाहेर बसायचं असतं. पण वकील म्हणाले, तुमचं नाव मी अजून दिलेलंच नाही. तिची साक्ष संपली की देऊ. तोवर तुम्ही फक्त आरोपीच्या बहीण. आईंना घेऊन मागच्या बाकावर बसा, ती काय काय बोलते ते नीट ऐका. म्हणजे तुमचं बोलणं त्याला बरोबर बसेल.

मला हे तितकंसं पटलं नाही. पण ती टीव्हीत बसून बोलणार, तर आम्ही बाकावर बसून ऐकलं तर कुठे बिघडलं? फिट्टंफाट!

८ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मी तोच विषय काढला — टीव्हीवरच्या साक्षीचा. आईही बोलायला लागली, "आमच्या वेळी असलं काही..." दादाने ताटाच्या कडेवर अंगठी वाजवली. टक् टक् टक्. आम्ही गप्प.

अण्णांची अंगठी, अण्णांचीच सवय. अण्णा गेले त्या आठवड्यापासून अंगठी दादाच्या बोटात आहे. त्यांनी वाजवली की आई आधी पाण्याचे पेले त्यांच्या हातापासून लांब सरकवायची. आजही सरकवले. सवय, दुसरं काय.

बिचाऱ्याच्या डोक्याला ताप आहे. मीच विषय काढायला नको होता.

१० फेब्रुवारी

शेजारीण विचारते, "काय गं, सून टीव्हीवर येणार म्हणे तुमची?" दार लावून घेतलं तिच्या तोंडावर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तमाशा! शुद्ध तमाशा!

सकाळी दहापासून बाकावर. आमचा नंबर आला जेवणाच्या सुट्टीनंतर. वायरवाला आला. त्याला दुसरं काय म्हणायचं? टक्कल पडलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात वायरींचं भेंडोळं. एक वायर भिंतीत, एक टीव्हीत, एक माइकमध्ये, आणि मग माइकची वायर पुरेना. न्यायाधीश बघतायत, सरकारी वकीलबाई घड्याळ बघतायत, आणि हा टेबलाखाली रांगतोय.

मग टीव्ही लागला. वहिनी.

मी ओळखलंच नाही आधी. केस कापलेत. टीव्ही केवढा मोठा, आणि त्यात तिचा चेहराच चेहरा. मागे भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर, पंख्याने त्याची पानं फडफडतायत. तिकडच्या कोर्टाचा माणूस कॅमेरा उचलून खोली दाखवत होता, म्हणजे तिला पढवायला कुणी लपलेलं नाही ना ते कळावं. आमचे वकील उठले, "टेबलाखालीही दाखवा." टेबलाखालीही दाखवलं. तिच्या चपला दिसल्या. दुसरं काय दिसणार?

"आवाज येतोय का?"

"येतोय. तुम्हाला येतोय का?"

"तुमचा आवाज दोनदा येतोय."

खरंच दोनदा येत होता. इकडे न्यायाधीश बोलले की त्यांचाच आवाज तिकडच्या स्पीकरवरून फिरून परत यायचा. "शपथ घ्या... शपथ घ्या." मागे कुणीतरी हसलं. वहिनीने शपथ घेतली तीही दोनदा ऐकू आली. खोटं बोलणाऱ्याला दोनदा शपथ बरी!

नाव सांगितलं, वय सांगितलं. लग्न कधी झालं विचारलं आणि ती उत्तर देता देता अडकली. म्हणजे चित्रच अडकलं. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. मागच्या कॅलेंडरचं पानसुद्धा अर्धवट उचललेलं, तसंच हवेत. वायरवाल्याने टीव्हीला चापटी मारली! दादा पिंजऱ्यात उभा होता, तो खुदकन हसला. मलाही हसू आलं. तशीच दिसत होती, कोंबडीसारखी.

लाइन काही परत आली नाही. पुढची तारीख.

एवढ्यासाठी माझी एक रजा गेली. न्याय करायचाय की सिनेमा दाखवायचाय? ती इथे आली असती तर एका दिवसात निकाल लागला असता. नाचता येईना अंगण वाकडं. हिला समोर येता येईना, म्हणून टीव्ही!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात काम करता करता एक जुनी गोष्ट आठवली आणि परत तिडीक गेली डोक्यात.

वहिनीला लांबचं धूसर दिसायला लागलं होतं तेव्हा मीच तिला आमच्या दुकानात नेलं. मालकांना सांगून फ्रेममध्ये सूट मिळवून दिली. चांगली हलकी फ्रेम निवडली आणि तिच्या कानामागे नीट बसवायला म्हणून हात पुढे नेला, तर बाईंनी अशी मान झटकली! डोळे गच्च मिटून. फ्रेम खाली पडली, काडी वाकली. मालक समोर. मला इतकी लाज वाटली! म्हटलं, "वहिनी, मी काय खातेय का तुला?" तर हसली कसनुशी. म्हणाली, गुदगुल्या होतात.

दिवसातून पंचवीस लोकांच्या चेहऱ्याला हात लावते मी. लहान मुलंसुद्धा नीट बसतात. हिचेच नखरे.

हे वकिलांना सांगायला हवं. हिला पहिल्यापासून आमच्या माणसांचा हातसुद्धा नको होता.

१७ फेब्रुवारी

दादाने आज टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला. क्रिकेट चाललं होतं. आईने तुकडे गोळा केले. तारखेचा ताण आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, तसं काही झालंच नव्हतं.

आज लाइन चांगली होती. आवाजही दोनदा येत नव्हता, म्हणजे फार नाही. आई आणि मी मागच्या बाकावर. वहिनी टीव्हीत, तीच भिंत, तेच कॅलेंडर. आधी सरकारी वकीलबाईंनी विचारलं आणि ती बोलली. मला वाटलं होतं रडेल, नाटक करेल. नाही रडली. सरळ बोलली. त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, चार दिवस मावशीकडे जाऊन येते. दादा नको म्हणाला. खाली दुकानात गेला. ती पिशवी भरून जिन्याच्या तोंडाशी आली, चपला घालत होती, तर तो मागून आला. हातात सळई. कानावर मारलं आणि ढकललं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किती सफाईने बोलतेय! पाठ केलंय नुसतं! मी आईच्या कानात म्हटलं सुद्धा.

मग विचारलं, आरोपीला ओळखता का? तर कॅमेरा फिरवावा लागला. वायरवाल्याने कॅमेरा उचलून दादाकडे धरला. न्यायाधीश म्हणाले, आरोपीने नाव सांगावं, म्हणजे तिकडे ऐकू जाईल. म्हणून त्याने माइकही उचलला आणि वायर ताणून ताणून पिंजऱ्याच्या लोखंडी कठड्यावर नेऊन ठेवला. दादाने नाव सांगितलं. वहिनी म्हणाली, "हो, हेच." कॅमेरा परत जागेवर आला. माइक तिथेच राहिला. कठड्यावर. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग आमचे वकील उठले. गोड आवाज.

"बाई, चपला घालत होतात म्हणजे वाकलेल्या होतात. पाठ कुणीकडे होती?"

"आतल्या बाजूला. दुकानातला आतला जिना मागून वर येतो, तिकडे."

"म्हणजे कुणी येताना तुम्ही पाहिलं नाही."

"पाहिलं नाही. पण तो आला ते मला कळलं."

"पाठ असताना कळलं? मागे डोळे आहेत का तुम्हाला?"

लोक हसले. मीही हसले. हो, हसले मी!

वहिनी म्हणाली, "ऐकून कळलं. तो येताना कठड्यावर —"

टक् टक् टक्.

कोर्टात तो आवाज कुणाला ऐकू जाणार? डोक्यावर तीन पंखे, बाहेर पुकारे, कागदांची सळसळ. मी ऐकला, कारण तो आवाज मला झोपेतही ऐकू येईल. दादा सरळ उभा होता, नजर न्यायाधीशांकडे, सभ्य. एक हात कठड्यावर, माइकच्या शेजारी. पण तिकडे त्या खोलीत तो केवढा मोठा वाजला असेल! कारण पुढच्याच क्षणी तो तिकडून फिरून आमच्या टीव्हीतून आला. टक् टक् टक्.

आणि वहिनी थांबली.

तोंड अर्धवट उघडं. एक खांदा वर, कानापर्यंत. हात अर्ध्यात, डाव्या कानाकडे निघालेला, तिथेच. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"अडकलं परत," वायरवाला म्हणाला.

"लाइन गेली का?" न्यायाधीश.

"स्क्रीन अडकली साहेब. मागच्यासारखीच."

आमचे वकील हताश झाल्यासारखे खाली बसले. सरकारी वकीलबाई कपाळाला हात लावून कागद बघायला लागल्या. टीव्हीकडे कोणी बघतच नव्हतं. अडकलेल्या चित्राकडे काय बघायचं?

मी बघत होते. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. पान वर जात होतं, खाली येत होतं, वर जात होतं.

लाइन गेली नव्हती. ती अडकली होती. ती, जिवंत बाई, आमच्यापासून इतक्या लांबच्या गावात, पोलिसाचा पहारा असलेल्या खोलीत, अंगठीच्या आवाजाने लाकूड झाली होती. मग तिचे डोळे हलले. कॅमेऱ्याकडे नाही, बाजूच्या दाराकडे. तो तिथून आत येणार असल्यासारखे.

असं कुणाला करता येत नाही. नाटक करणाऱ्यालाही नाही. आणि ती समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असती तर मला मागच्या बाकावरून दिसली असती फक्त तिची पाठ!

माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी खाली बघितलं. आईने ते धरलं होतं. पाचही बोटं रुतवून. आईचं तोंड समोर होतं, चेहऱ्यावर काही नाही. तिला माहीतही नव्हतं आपण काय धरलंय ते. आणि माझी जीभ? माझीसुद्धा टाळ्याला चिकटली होती. उठून सांगायचं होतं, अहो, कॅलेंडर बघा! मी बाकावरून उठलेच नाही.

वायरवाल्याने लाइन बंद करून पुन्हा लावली. वहिनी परत दिसली, हातात पाण्याचा पेला. न्यायाधीश चांगुलपणाने म्हणाले, "सांगा, तो येताना कठड्यावर काय?"

तिने पेला खाली ठेवला. दादाचा हात कठड्यावर होता. माइकपाशी.

"आठवत नाही," ती म्हणाली.

आमच्या वकिलांनी ते दोनदा वदवून घेतलं. आणि न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं — तांत्रिक अडचणीमुळे साक्ष काही वेळ थांबली.

तांत्रिक अडचण!

२५ फेब्रुवारी

काल घरी येताना गाडीत दादा खुशीत होता. म्हणाला, "बघितलंस ना बारके, कशी बंद पडली?"

आई मागून म्हणाली, "लाइन गेली होती ना."

"हो. लाइनच." आणि हसला. स्टिअरिंगवर बोटं वाजवत.

म्हणजे त्याला माहीत आहे. आपण काय करतो, त्याने काय होतं, हे त्याला पक्कं माहीत आहे! मी आजवर त्याला सवय म्हणत आले. अण्णांची आठवण म्हणत आले.

इतका राग आलाय की पेनाने कागद फाटतोय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात एक बाई आली. वाचायचा चष्मा हवा होता. फ्रेम घेऊन हात तिच्या कानाकडे नेला आणि माझाच हात थांबला. तिला विचारलं, "लावू का?" ती म्हणाली, "लावा की, त्यात विचारायचं काय?"

गुदगुल्या म्हणाली होती वहिनी. आणि मी म्हटलं होतं, खातेय का तुला!

मालक म्हणाले बरं नसेल तर घरी जा. घरी? घरीच तर जायचं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मी पण ऐकला होता.

आज भांडी घासताना नळ बंद केला आणि आठवलं. धप्पच्या आधी. मी भाजी चिरत होते, आणि आतल्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर टक् टक् टक् वर येत गेलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येते का आपल्याला? तसा तो आवाज. या घरात इतकी वर्षं चाललेला की कानात जातो आणि मोजलाच जात नाही. पोलिसांनी विचारलं, "त्याआधी काही ऐकलं?" मी म्हटलं, काही नाही. मला खरंच वाटलं, काही नाही.

दादा दुकानात नव्हता. दादा जिन्यावर होता.

वहिनीचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करू शकेल असं जगात एकच माणूस आहे. आणि ते माणूस दादाच्या बाजूचं साक्षीदार आहे! वा!

आईला विचारलं. दादा खाली होता, मी दार लोटून घेतलं. "आई, त्या दिवशी वहिनी पडायच्या आधी तू काय ऐकलंस?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

कमी ऐकू येतं! दोन खोल्या पलीकडे दूध उतू जायच्या आधी हिला कळतं!

"आई, परवा कोर्टात तू माझं मनगट धरलंस. बघ, अजून निळं आहे."

तिने बघितलं. मग माझी बाही खाली ओढली आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुझ्या अण्णांच्या वेळी कुणाला सांगायला गेले होते का?"

मला तिचा राग आला, आणि रडूही आलं, आणि राग जास्त आला. उभा जन्म पेले सरकवण्यात गेला या बाईचा. आता मलाही तेच शिकवतेय.

१ मार्च, रविवार

आज मी नीट मनाशी ठरवून जेवायला बसले. म्हटलं, त्याला तोंडावर विचारायचं. समोर बसून. इतके दिवस मीच म्हणतेय ना, समोर येऊन बोल?

"दादा, त्या दिवशी तू जिन्यावर —"

टक्.

एकदाच. ताटाच्या कडेवर. वरसुद्धा बघितलं नाही त्याने.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही. भाजी वाढू का?"

भाजी वाढू का! माझ्यात आणि त्या टीव्हीत काय फरक? मीही बंद पडले.

२ मार्च, सोमवार

वकिलांनी माझं नाव दिलं. पुढच्या आठवड्यात माझी साक्ष. आज तालीम. दादा शेजारच्या खुर्चीत.

"तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलंत, की भाऊ दुकानातच आहे. मग पडल्याचा आवाज आला. मग भाऊ धावत आला. म्हणा."

मी म्हटलं. जसं सांगितलं तसं म्हटलं, अगदी सफाईने. वकील खूश. "ताई, तुम्ही अशाच समोर उभ्या राहून बोललात ना, तर टीव्हीतल्या साक्षीला कोण विचारतो? न्यायाधीश शेवटी समोरच्या माणसाचा चेहरा बघतात."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंगठीचा हात. जड.

४ मार्च, बुधवार

दुकानात दातदुखी सांगितली आणि एकटीच कोर्टात गेले. सरकारी वकीलबाई पायऱ्यांवर भेटल्या. सांगितलं, त्या दिवशी वहिनीचं वाक्य जिथे तुटलं, तिथून पुढचं मला माहीत आहे.

त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही आरोपीच्या बहीण. बाकावर बसून सगळं ऐकलंय तुम्ही, आरोपीचे वकील त्यावरून तुम्हाला फाडून खातील. तरी बोलणार?"

"बोलणार."

"मग कोर्टात या. समोर उभ्या राहा आणि सांगा."

"समोर नको," मी म्हटलं. "वहिनीला दिलीत तशी एक खोली मला मिळेल का?"